पिसवा पडतात आणि परत उठून चालायला लागतात!! पाइपरोनिल ब्युटॉक्साइड कुणाला माहीत आहे का?

रामबागवाली (शनिवार, रात्री १०:१०)

नमस्कार मंडळी. लिहायला बरंच आहे आणि मी चिडलेलीही आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

आमच्याकडे लाडू आहे, देशी कुत्रा, चार वर्षांचा, १८ किलो. पाऊस सुरू झाला आणि पठ्ठ्या रात्रभर खाजवायला लागला, शेपटीच्या बुडाशी केस गेले, पोटावर लाल लाल पुरळ. फणी फिरवली तर पिसवा. आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर काढतंय आणि माझ्या तख्तपोसावर पिसवा, सांगायचं कुणाला.

एका दुकानातून (नाव घेत नाही, उगाच भांडण नको) एक 'हर्बल' स्प्रे आणला. बाटलीवर पानाफुलांचं चित्र आणि बारीक अक्षरात पायरेथ्रिन एवढंच, किती टक्के ते नाही. अंगणात नेऊन मारला आणि काय सांगू, दहा मिनिटांत पिसवा टपाटप खाली, मी व्हिडिओ काढून बहिणीला पाठवला की बघ जादू. मग ओटा न धुता तशीच स्वयंपाकाला गेले. दोन तासांनी बाहेर आले तर ज्या पिसवा उताण्या पडल्या होत्या त्यातल्या बऱ्याच जागेवर नाहीत, आणि एक माझ्यासमोर पाय झटकत झटकत सरळ झाली आणि टुणकन उडी मारून गेली. मेल्याच नव्हत्या हो, झोपल्या होत्या!

आता गंमत ऐका. भाची अमेरिकेहून आली होती, ती जाताना तिच्या कुत्र्याचा अर्धा स्प्रे इथेच ठेवून गेली. त्याच्यावर लिहिलंय पायरेथ्रिन ०.१ टक्के आणि पाइपरोनिल ब्युटॉक्साइड १ टक्का. मी बाई हट्टी. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या, फणीने पिसवा काढून एकीत ९ आणि दुसरीत ८ टाकल्या, दोन्हींत एकेक फवारा, वर मलमलचं फडकं. पंधरा मिनिटांत दोन्हीकडे सगळ्या आडव्या. सकाळी सहाला उठून पाहिलं तर हर्बलवाल्या बरणीत ६ फिरतायत आणि भाचीवाल्या बरणीत एकही नाही हलत.

तर हे ब्युटॉक्साइड प्रकरण काय आहे? हेच खरं विष आहे का? मग लाडूच्या अंगावर मारू की नको?

पोहे_वर_जीरावण (रात्री १०:२४)

काकू लोणच्याच्या बरणीत पिसवा म्हणजे आता तुमच्याकडे जेवायला यायचं कॅन्सल 😂

रामबागवाली (रात्री १०:२६)

भिया, उकळत्या पाण्याने धुतल्यात. आणि तुला बोलावलं कुणी.

बडोद्याचा_मास्तर (रात्री ११:०२)

मी बडोद्यात पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता रिटायर्ड, त्यामुळे असा प्रश्न दिसला की राहवत नाही. ताई, तुमचा प्रयोग झकास आहे, पण आधी खोड काढतो: दोन बाटल्यांत पायरेथ्रिन सारखंच आहे हे कशावरून? एकीवर टक्केवारीच नाही. शिवाय पातळ करायला काय वापरलंय तेही वेगळं असणार. म्हणजे फरक दिसला हे खरं, तो फक्त ब्युटॉक्साइडमुळेच आला हे बरणीवरून सिद्ध होत नाही. पण तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंत ते पुस्तकात लिहिल्याबरहुकूम आहे, म्हणून सांगतो.

पायरेथ्रिन येतं शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलातून, केनियात त्याची मोठी शेती होते. ते कीटकाच्या मज्जातंतूवर जातं, तिथली सोडियमची दारं उघडीच राहतात, कीटक थरथरतो आणि आडवा होतो. याला सगळे नॉकडाऊन म्हणतात. आता आडवा होणं आणि मरणं यांत फरक आहे. पिसवेच्या अंगात काही एन्झाइम असतात, सायटोक्रोम पी-४५०, त्यांचं कामच बाहेरून आलेली विषं मोडून टाकायचं. ती पडल्या पडल्या तिच्या आत हे काम चालू असतं, औषध कमी असेल तर दोन तासांत ते फोडून झालं की बाई उठून चालू लागते. तुम्ही पाहिलीत ती हीच.

पाइपरोनिल ब्युटॉक्साइड, लोक नुसतं पीबीओ म्हणतात, ते या एन्झाइमवर जाऊन बसतं. त्याच्या रेणूत दोन ऑक्सिजनच्या मध्ये एक कार्बन अशी एक कडी असते. एन्झाइम तिला नेहमीसारखं मोडायला जातं आणि तो तुकडा एन्झाइममधल्या लोखंडाला जो चिकटतो तो सुटत नाही. कुलपात किल्ली मोडून राहिली की कसं, कुलूप तेच, दार तेच, पण आता उघडत नाही. मग पायरेथ्रिनला मोडणारं कुणी उरत नाही आणि थोडक्या औषधात काम होतं. स्वतः पीबीओ पिसवेला जवळजवळ काहीच करत नाही. नुसतं पीबीओ बरणीत मारलं असतंत तर सकाळी आठच्या आठ उड्या मारताना दिसल्या असत्या.

अशा पदार्थाला सिनर्जिस्ट म्हणतात. आपल्याकडे आयुर्वेदात योगवाही म्हणतात ना, दुसऱ्याचा गुण वाढवणारं, त्याच जातीचं समजा.

शंकासुर (रात्री ११:१५)

म्हणजे आधी शेवंतीचं औषध होतं त्यात फॅक्टरीतलं केमिकल घालून आणखी विषारी केलं. आणि हे आपण अंगावर घेऊन झोपणाऱ्या कुत्र्याला लावायचं. वा.

बडोद्याचा_मास्तर (रात्री ११:३८)

शंकासुर, तुमच्यासाठीच ठेवली होती ही गोष्ट. हा शोध लागला कशावरून माहितीये? तिळाच्या तेलावरून. १९४० साली अमेरिकेत ईगलसन नावाच्या माणसाने पेटंट घेतलं, पायरेथ्रमच्या (त्याच फुलांच्या अर्काच्या) फवाऱ्यात तिळाचं तेल घातलं की माशा जास्त मरतात म्हणून. पुढे कळलं की तिळातलं सेसमिन हे काम करतं, आणि सेसमिनमध्ये ती वर सांगितलेली कडीच आहे, दोन ऑक्सिजन मध्ये कार्बन. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना डासांसाठी जे फवाऱ्याचे डबे दिले त्यांत पायरेथ्रम आणि तिळाचं तेल दोन्ही होतं. मग १९४७ मध्ये वॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाने पीबीओ प्रसिद्ध केलं, ते सॅफ्रॉलपासून करतात आणि सॅफ्रॉल मूळचं सॅसफ्रास झाडाच्या तेलातलं. म्हणजे झाडातून सुरू होऊन फॅक्टरीत गेलं, आभाळातून नाही पडलं.

आणखी सांगू? शेपूच्या बियांच्या तेलात डिलॅपिओल असतं, त्यातही हीच कडी. काळ्या मिरीतल्या पायपरिनमध्येसुद्धा. हळदीबरोबर मिरी घ्या म्हणून जे सांगतात त्याच्यामागे १९९८ चा आपल्याच देशातला अभ्यास आहे, २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर माणसाच्या रक्तात करक्युमिन २००० टक्के जास्त पोचलं. पायपरिन यकृताला म्हणतं जरा थांब, मोडू नको. पिसवेच्या बाबतीत पीबीओ तेच म्हणतं.

पोहे_वर_जीरावण (रात्री ११:४५)

म्हणजे मास्तर, संक्रांतीला तीळ खाऊन लाडूवर शिंकलं तर चालेल का 😜

रामबागवाली (रात्री ११:५१)

मास्तर तुमचे उपकार. पण आता मला मोह होतोय, घरात घाण्याचं तिळाचं तेल आहे, ते लाडूला चोळलं आणि वर हर्बल स्प्रे मारला तर?

महूचा_ढोरडॉक्टर (रविवार, सकाळी ७:२०)

काकू नका!! रात्री केलं असेल तर आता धुवा.

मी महूच्या व्हेटर्नरी कॉलेजचा, इंदूरमध्ये प्रॅक्टिस. मास्तरांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे पण लॅबमधलं तीळ आणि कुत्र्याच्या पाठीवरचं तेल यात फार अंतर आहे. तेलात सेसमिन किती, ते पिसवेच्या आत किती जाणार, काही ठिकाणा नाही. कुत्रा तेल चाटणार, दोन दिवस हगवण, आणि गादीचे डाग वेगळे. दर पावसाळ्यात मला दोन प्रकार बघायला लागतात. एक, खोबरेल तेलात कापूर घालून चोळलेला कुत्रा. कापूर पोटात गेला की फिट्स येऊ शकतात, कुत्र्यालाही आणि मांजराला तर आणखी लवकर. दुसरा, टी ट्री ऑइल नेटवरून मागवून थेट लावलेलं. झाडाचं आहे म्हणून सौम्य असं काही नसतं, पायरेथ्रिनही झाडाचंच आहे, ते मारायलाच लावतो ना आपण?

आता मूळ प्रश्न. भाचीचा स्प्रे कुत्र्यासाठीचा असेल, तारीख उलटली नसेल, तर लेबलवर जसं लिहिलंय तसा लावा. पायरेथ्रिन आणि पीबीओचं प्रमाण साधारण एकास पाच ते एकास दहा असतं, तुमच्या बाटलीवर एकास दहा आहे, म्हणजे नेहमीचंच. डोळे-तोंड सोडून, मोकळ्या हवेत, आणि वाळेपर्यंत चाटू देऊ नका. चाटलं तर तोंडाला फेस येतो, चव घाण असते म्हणून, घाबरू नका.

पण खरं सांगायचं तर तुमची अडचण बाटलीत नाहीच.

रामबागवाली (सकाळी ७:४१)

नाही चोळलं डॉक्टर, झोप लागली 🙏 अडचण कुठे आहे मग?

महूचा_ढोरडॉक्टर (सकाळी ८:३०)

घरात. कुत्र्यावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण वस्तीच्या फार तर ५ टक्के, बाकीच्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोश होऊन गादीच्या शिवणीत, सतरंजीखाली, फरशीच्या सांध्यात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते आणि ती चिकटत नाहीत, कुत्रा जिथे अंग झटकेल तिथे मिठासारखी सांडतात. कोशातली पिसू तर महिनोन् महिने बसून राहते, रेशमी कोशाला धूळ चिकटलेली असते, आत स्प्रे पोचत नाही, पीबीओ असो की नसो. चालण्याची थरथर आणि अंगाची ऊब लागली की बाहेर येते. म्हणून गावाला जाऊन आलं की बंद घरात पहिल्या दिवशी पाय चावून काढतात.

आणि पायरेथ्रिन उन्हात फार लवकर मोडतं, सकाळी मारलेलं संध्याकाळपर्यंत जवळपास संपतं. तेव्हा आज अंगावरच्या मेल्या, उद्या गादीतल्या नव्या चढल्या, तुम्हाला वाटणार औषध खोटं.

व्हॅक्यूम असेल तर रोज, नसेल तर झाडू आणि ओलं फडकं, कचरा लगेच बाहेर. लाडू जे पांघरतो ते सगळं गरम पाण्यात. ढेकूण मारायचं औषध वगैरे घरभर फवारू नका, आत लहान मूल असेल तर मुळीच नाही. एक सोपी परीक्षा: फणीत काळे कण आले तर ओल्या पांढऱ्या कागदावर टाका, भोवती तांबूस डाग पसरला की ते पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर काळीच राहते.

गोठेवाला (सकाळी ९:०५)

डॉक्टर साहेब राम राम. सांवेर रोडला आमच्या १२ म्हशी आहेत. गोचिडासाठी डेल्टामेथ्रिन आणतो, बादलीभर पाण्यात थोडं टाकून पुसतो. राखणीचा कुत्रा आहे त्यालाही तेच पुसतो, त्याचं काही बिघडलं नाही. आणि धान्यात टाकायची मॅलेथिऑन पावडर पण पडलीय, ती आणि हे पीबीओ मिळालं तर एकत्र केलं तर गोचीड पूर्ण साफ होतील का? कारण दोन वर्षांपासून डेल्टामेथ्रिनने पूर्वीसारखे पडत नाहीत.

महूचा_ढोरडॉक्टर (सकाळी ९:४०)

भाऊ राम राम. 'थोडं' किती हे बाटलीच्या झाकणाने मोजा, अंदाजाने नको, आणि न मिसळता थेट तर कधीच नको.

मॅलेथिऑनचं उलट आहे, ऐका. मॅलेथिऑन कीटकाच्या अंगात गेल्यावर त्यातलं गंधक निघून ऑक्सिजन बसतो तेव्हा ते खरं जालीम होतं, आणि हे काम तेच एन्झाइम करतं ज्याला पीबीओ कुलूप लावतं. म्हणजे पीबीओ घातलंत तर मॅलेथिऑन अर्धवट बोथट होऊन बसेल. शिवाय धान्याची पावडर जनावराच्या अंगावर नकोच.

आता पूर्वीसारखे पडत नाहीत ते. कीटक किंवा गोचीड औषधाला दोन तऱ्हांनी जुमानत नाही. एक म्हणजे त्याच्या अंगात मोडणारे एन्झाइम वाढलेले असतात, तिथे पीबीओ मदत करतं. दुसरी म्हणजे ज्या दारावर औषध जातं त्या दाराचीच घडण बदललेली असते, तिथे पीबीओ कितीही घाला, काही होत नाही, कारण औषध शाबूत आहे पण त्याला धरायला जागाच नाही. तुमच्या गोठ्यात कुठला प्रकार आहे ते बघून सांगता येत नाही. पण दर वेळी तेच औषध, तेही कमी मात्रेत, म्हणजे आपणच कणखर पिढी निवडून काढतो. गट बदला, जवळच्या पशुचिकित्सालयात विचारून.

डासांच्या बाबतीत हेच झालंय. मच्छरदाण्यांना लावलेल्या औषधाला डास जुमानेनात तेव्हा पीबीओ घातलेल्या दाण्या निघाल्या आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची शिफारस केली, जिथे डास औषधाला सरावलेत अशा भागांसाठी.

गोठेवाला (सकाळी ९:५२)

मोजून टाकतो साहेब. झाकण हरवलंय पण सिरिंज आहे.

बोक्याची_आई (सकाळी ११:१०)

मला वाचूनच हात थरथरले. मी सुदामानगरची, आमच्याकडे बोका आहे, भुऱ्या. मागच्या वर्षी असाच पावसाळा, पिसवा. आमच्या ओळखीच्यांकडे कुत्र्याची मानेवर टाकायची ट्यूब उरली होती, ते म्हणाले अर्धी टाक, मांजर लहान असतं. मी त्यांना दोष देत नाही, मलाही कळायला हवं होतं. दुकानदाराला फोन करून विचारलं तोही म्हणाला चालेल चालेल. टाकली संध्याकाळी सातला.

रात्री अकराला भुऱ्याचे कान फडफडायला लागले. आधी वाटलं माशी आहे. मग पाठीवरची कातडी लाटेसारखी हलायला लागली, मग चारी पाय, आणि मग उभाच राहीना, डोळे हे एवढे मोठे. रिक्षा मिळेपर्यंत मी त्याला टॉवेलमध्ये धरून रस्त्यावर उभी. तिथल्या डॉक्टरांनी आधी भांडी घासायच्या लिक्विडने त्याची मान धुतली, दोनदा, कोमट पाण्याने, मग सलाइन आणि आकडी थांबवायची इंजेक्शनं. तीन दिवस तिथे होता. वाचला. ट्यूबवर पर्मेथ्रिन लिहिलं होतं, आणि कोपऱ्यात एक मांजर आणि त्याच्यावर काट. एवढं बारीक की मी चष्मा लावून दुसऱ्या दिवशी पाहिलं.

हे पायरेथ्रिन आणि पर्मेथ्रिन एकच का?

महूचा_ढोरडॉक्टर (दुपारी १२:०५)

ताई, वाचला हे नशीब आणि तुमची धावपळ.

एकाच घराण्यातले पण एकच नाहीत. पायरेथ्रिन फुलातलं, लवकर मोडणारं, पर्मेथ्रिन कारखान्यात केलेलं, उन्हातही टिकणारं. कुत्र्याच्या ट्यूबमध्ये ते ४५ ते ६५ टक्क्यांपर्यंत असतं, स्प्रेमध्ये पायरेथ्रिन ०.१, हिशेब तुम्हीच करा. आणि मांजराच्या यकृतात एक काम जवळजवळ होतच नाही, ग्लुकुरोनाइड जोडून विष बाहेर काढायचं. माणसाचं आणि कुत्र्याचं यकृत ते करतं. त्यामुळे कुत्र्याला जे सहज पचतं ते मांजराच्या अंगात साठून राहतं.

आता पीबीओचा भाग. पीबीओला पिसवेचं एन्झाइम कुठलं आणि मांजराचं कुठलं हे कळत नाही. मोठ्या प्राण्यांत ते लवकर बाहेर पडतं, विषारीपणाही कमी, उंदरांच्या चाचणीत तोंडावाटे मारक मात्रा किलोला ४ ग्रॅमच्या वर आहे. पण ज्या प्राण्याला मुळात विष मोडायची ताकद कमी त्याच्यावर दर दोन दिवसांनी पीबीओवाला स्प्रे मारत सुटलं तर त्रास होऊ शकतो. मांजरासाठी म्हणून लिहिलेली बाटलीच घ्यायची आणि लेबलवर जितक्या दिवसांचं अंतर सांगितलंय तितकं ठेवायचं.

आणि घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याला पर्मेथ्रिनची ट्यूब घालूच नका, मांजर त्याला चाटतं, अंगाला अंग लावून झोपतं.

शंकासुर (दुपारी १२:३०)

बघा, मी म्हणत होतो. आणि कॅन्सरचं कुणी बोलत नाहीये. वाचलंय मी.

बडोद्याचा_मास्तर (दुपारी १:१५)

वाचलंत ते खोटं नाही. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याने, पीबीओला 'माणसात कदाचित कॅन्सर करू शकेल' अशा सी गटात टाकलंय, कारण फार मोठ्या मात्रेत खाऊ घातलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या. आणि त्याच ईपीएने २००६ मध्ये सगळं परत तपासून वापर चालू ठेवला. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची. मी माझ्या कुत्रीला वर्षातून दोन-तीनदा लावतो, हातमोजे घालून, आणि रोज नाही लावणार. आणि शंकासुर, तुम्ही आम्ही डासांसाठी जे फवारे घरात मारतो त्यांतल्या काहींतही हेच पीबीओ असतं, डब्याच्या मागे बघा.

शंकासुर (दुपारी १:४०)

बघितला. आहे. 😐

पोहे_वर_जीरावण (दुपारी १:४४)

शंकासुर निःशब्द, तारीख लिहून ठेवा

नवीनच (दुपारी ३:२०)

पहिल्यांदाच लिहितोय. राजवाड्याजवळून एक पिल्लू उचलून आणलंय, दीडेक महिन्याचं, अंगावर पिसवा पण आणि कानात बारीक गोचीड पण. पीबीओवाला शॅम्पू मिळतोय, लावू का?

महूचा_ढोरडॉक्टर (दुपारी ३:५५)

नको. इतक्या लहान पिल्लासाठी बहुतेक बाटल्या नसतातच, कितव्या आठवड्यापासून चालते ते लेबलवर असतं. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मानेभोवती आधी फेसाचं कडं करा म्हणजे पिसवा डोक्याकडे पळणार नाहीत, मग बाकीचं अंग. फणीत आलेल्या लगेच साबणाच्या पाण्यात. पुसून लगेच कोरडं करा, गारठतात ही.

आता ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक, पांढुरक्या असतील तर आजच कुठल्याही डॉक्टरकडे न्या, एवढ्याशा अंगातून पिसवा रक्त पिऊन पिल्लं मारतात.

गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, पिळायचा नाही, वर रॉकेल-बिकेल टाकायचं नाही. पायरेथ्रिन-पीबीओ गोचिडाला तसंही पिसवेइतकं लागू पडत नाही. आणि गोचीड कुत्र्यावर अंडी घालत नाही, पोट भरलं की उतरून भिंतीच्या फटीत जातो, वर चढतो, तिथे हजारोंनी घालतो. जुन्या वाड्यांत कडीपाटापाशी बॅटरी मारून बघा.

रामबागवाली (दुपारी ४:१०)

कडीपाट म्हणालात आणि माझ्या पोटात गोळा आला. आमचा जुनाच वाडा आहे.

डॉक्टर मग त्या महिन्याच्या गोळ्या मिळतात त्यांचं काय? त्यात पण पीबीओ असतं का?

महूचा_ढोरडॉक्टर (संध्याकाळी ६:३०)

नाही. त्या वेगळ्याच गटातल्या, २०१३-१४ पासून आल्या, अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर अशी नावं. पिसू किंवा गोचीड चावला की रक्तातून त्याच्या पोटात औषध जातं आणि तो मरतो, सिनर्जिस्टची गरज नाही. गोचिडाला चांगल्या. अडचण दोन, महाग आहेत, आणि ज्या कुत्र्याला पूर्वी फिट्स आल्यात त्याच्यासाठी विचार करून द्यायच्या, २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध खात्याने, तशी सूचना काढलीय. लाडूला कधी आकडी आलीय का? नसेल तर एकदा दाखवून, वजन करून मग घ्या. दुकानात जाऊन 'एक गोळी द्या' असं नको.

गोचीड निघाले असतील आणि लाडू सुस्त, ताप, जेवत नाही, नाकातून रक्त असं काही दिसलं तर रक्त तपासा, गोचीडतापात प्लेटलेट पडतात. उशीर नको.

रामबागवाली (तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:०५)

मंडळी, धागा वर आणते कारण सांगायचं राहिलं होतं.

लाडूला दाखवून आणलं, वजन १८ नाही, १९.४०० निघालं, जिलब्या कोण घालतं त्याला ते मला माहितीये. गोळी दिली. भाचीचा स्प्रे एकदाच मारला, पहिल्या दिवशी, अंगावरच्या तेवढ्या पाडायला, आणि यावेळी पडलेल्या सगळ्या झाडून साबणाच्या बादलीत, ओट्यावर एक ठेवली नाही. तख्तपोस उचलून बाहेर काढला तर खाली सतरंजीच्या घडीत तांदळाच्या कणीसारखं काहीतरी, अंडी असणार, आणि पांढऱ्या बारीक अळ्या वळवळतायत. मी किंचाळले, सासूबाई म्हणाल्या अगं आमच्या वेळी राखेने सारवायचो. सतरंजी जाळली. फटी चुन्याने भरून घेतल्या. कडीपाटात गोचीड नाहीत, बॅटरी घेऊन पोराला शिडीवर चढवला होता.

नंतर दहा दिवस परत पिसवा दिसल्या तेव्हा वाटलं गेलं सगळं पाण्यात, पण डॉक्टर म्हणाले त्या कोशांतून निघतायत, निघू द्या, चढल्या की मरतील. तसंच झालं. काल फणीत एकच आली, तीही मेलेली.

हर्बलवाली बाटली दुकानात परत द्यायला गेले होते. तो म्हणाला काकू वापरलेली कशी घेऊ. मी म्हटलं टक्केवारी किती ते तरी सांग. त्याने बाटली उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाला, यात काय, सगळं नॅचरल आहे.

बोक्याची_आई (सकाळी १०:२०)

मांजराचं चित्र होतं का त्याच्यावर?

रामबागवाली (सकाळी १०:३१)

थांब, चष्मा आणते.